कोरा रकाना: स्कॉटलंडमध्ये पूर्वज कसे शोधतात?

लोकलच्या गर्दीत आवाज नीट ऐकू येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना माझं जे ‘अं… म्हणजे…’ चालतं ते गाळलंय. बाकी जवळजवळ जसंच्या तसं.

आजचा विषय जरा लांबचा आहे. स्कॉटलंडमधली माणसं आपले पूर्वज कसे शोधतात, आणि सापडलेलं कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे कसं ठरवतात. मी शिकायला म्हणून ग्लासगोत आले आणि इथेच राहिले. इथे उन्हाळ्यात एका वेगळ्याच जातीचे पर्यटक दिसतात. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून आलेले. हातात कागदांची जाड फाइल, आणि तोंडात अशा एखाद्या खेड्याचं नाव, ज्याचा उच्चार त्यांना धड येत नसतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इथून प्रचंड माणसं बाहेर पडली. हायलँड्सच्या डोंगराळ भागात जमीनदारांना मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून कुळांना जमिनीवरून उठवलं गेलं, १८४६ मध्ये बटाट्याचं पीक कुजलं, काहीजण नुसतेच नशीब काढायला गेले. त्यांची पतवंडं आता परत येतात आणि विचारतात, आम्ही नेमके कुठले?

दुकानदारांकडे याचं उत्तर तयारच असतं. एडिनबराच्या रॉयल माइल रस्त्यावर चालत जा, दर चार दुकानांनंतर एक दुकान तुमचं आडनाव विचारून ‘तुमच्या घराण्याचं’ टार्टन काढून देईल. टार्टन म्हणजे ते चौकड्यांचं लोकरी कापड. दिसतं झकास, मीही एक मफलर घेतलाय. पण ‘एक घराणं, एक टार्टन’ ही वाटणी बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातली आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, त्याच्या स्वागताचा थाटमाट कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखला, आणि सगळ्यांनाच आपापलं टार्टन हवंसं वाटायला लागलं. १८४२ मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट नावाच्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन टार्टनचं एक पुस्तक काढलं. ते हस्तलिखित बनावट होतं. त्यातली काही डिझाइन्स आजही विकली जातात!

आडनावाचंही तेच. कॅम्पबेल आडनाव आहे म्हणून तुम्ही कॅम्पबेलांच्या सरदाराचे वंशज ठरत नाही. सरदाराच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या आसऱ्याला असलेल्या कितीतरी माणसांनी त्याचं आडनाव लावलं. म्हणून इथले जाणकार सांगतात, सरदारापासून खाली येऊ नका. स्वतःपासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रत्येक पायरीला कागद पाहिजे.

आणि कागदांच्या बाबतीत स्कॉटलंड म्हणजे, खरं सांगते, चंगळ आहे.

१ जानेवारी १८५५ पासून इथे जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये ती १८३७ मध्येच सुरू झाली होती, म्हणजे हे अठरा वर्षं मागे. पण उशिरा आले आणि इंग्लंडपेक्षा कितीतरी खोलात शिरले. पहिल्या वर्षाच्या फॉर्ममध्ये काय काय विचारलं होतं बघा. बाळ जन्मलं तर आईवडिलांची नावं, त्यांची वयं, त्यांचा जन्म कुठे झाला, लग्न कधी आणि कुठे झालं, आणि या बाळाआधी किती मुलं झाली, त्यातली किती जिवंत, किती गेली. माणूस वारला तर त्याच्या आईवडिलांची नावं, नवराबायकोचं नाव, सगळ्या मुलांची नावं आणि वयं, शिवाय पुरलं कुठे. हे सगळं टाकात शाई भरून हाताने लिहायचं. नोंदणी करणारे एका वर्षात टेकीला आले. १८५६ पासून फॉर्म आखूड झाला. पुढे १८६१ मध्ये आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण जन्मनोंदीत परत आलं, ते तसंच राहिलं.

त्यामुळे १८५५ ची नोंद मिळणं म्हणजे लॉटरी. आता तुम्ही म्हणाल, माझा पणजोबा नेमका त्याच वर्षी थोडाच जन्मला असणार? त्यावर तोड अशी की त्याचं एखादं भावंड त्या वर्षी जन्मलं का, एखादा काका त्या वर्षी वारला का, ते बघायचं. आईवडील तेच ना! अशी बाजूची दारं ठोठावणं ही या छंदातली निम्मी मजा आहे.

पण माझ्या दृष्टीने खरी कमाल वेगळीच आहे. स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदीत वडिलांबरोबर आईचंही नाव असतं, तेसुद्धा तिच्या माहेरच्या आडनावासकट. त्या काळच्या इंग्लंडच्या मृत्यूनोंदीत आईबाप शोधूनही सापडत नाहीत. समजा, एखादी बाई १८६० मध्ये ऐंशी वर्षांची होऊन वारली. तिच्या त्या एका कागदावर अठराव्या शतकाच्या मध्याला जन्मलेल्या तिच्या आईचं माहेरचं नाव मिळू शकतं. लग्न झालं तरी बाईचं मूळ आडनाव इथल्या कायद्याच्या लेखी पुसलं जात नसे. थडग्यांवर सुद्धा नवऱ्याच्या नावाखाली तिचं स्वतःचं आडनाव कोरलेलं असतं, आणि मृत्यूच्या सूचीत ती माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही नावांनी शोधता येते. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचे. तुमच्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं, सांगा बरं? मला माझ्या एकाच पणजीचं माहीत आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. मृत्यूची खबर कुणी दिली, त्याचं नाव आणि नातं खाली लिहिलेलं असतं. ते आधी वाचायचं. मुलीने खबर दिली असेल तर आजीचं नाव बरोबर असण्याची शक्यता जास्त. जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर... जावयाला बायकोच्या आजीचं माहेर कितपत माहीत असणार?

हे सगळं मिळतं कुठे? स्कॉटलंड्सपीपल नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे. खातं उघडणं आणि नाव शोधणं फुकट, मूळ पानाची प्रतिमा बघायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. अलीकडच्या नोंदी मात्र घरबसल्या उघडत नाहीत: जन्म शंभर वर्षं, लग्न पंचाहत्तर वर्षं आणि मृत्यू पन्नास वर्षं बंद. खानेसुमारीही शंभर वर्षांनी उघडते, १९२१ ची २०२२ मध्ये उघडली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची सगळी पानं १९४२ मध्ये आगीत जळाली, पण स्कॉटलंडची एडिनबरात होती म्हणून वाचली. ती २०३२ मध्ये उघडेल. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ही तारीख असते. तोवर तब्येत सांभाळायची, असं हसत म्हणतात.

१८५५ च्या मागे गेलं की रस्ता खडबडीत होतो. तिथे फक्त चर्चच्या नोंदवह्या. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरॉल गावची, १५५३ ची. पण बहुतेक गावांत मधली वर्षंच्या वर्षं गायब. १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसवला, मग गरिबांनी नोंद करणंच सोडलं. कर १७९४ मध्ये उठला, तोवर एक पिढी कागदावरून निसटलेली. १८४३ मध्ये चर्चमध्येच मोठी फूट पडली, सुमारे एक तृतीयांश धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळं फ्री चर्च काढलं. त्या बाजूला गेलेल्या कुटुंबांची मुलं जुन्या वहीत सापडत नाहीत. १८४१ च्या खानेसुमारीत तर पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तीसचा!

मग अंदाज बांधायला रूढी कामाला येते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. सगळे पाळायचे असं नाही, पण पाळणारे खूप. परिणाम असा की एका गावात एकाच नावाआडनावाचे डझनभर चुलतभाऊ. ईशान्येच्या किनाऱ्यावर, बकी आणि आसपासच्या कोळीवाड्यांत, तर आडनावंच मुळात तीनचार. म्हणून तिथे प्रत्येक घराला एक टोपणनाव असायचं, त्याला टी-नेम म्हणतात, आणि ते सरकारी नोंदवहीत कंसात लिहिलं जायचं. कोण कुणाचा हे त्याशिवाय पोस्टमनलाही कळत नसणार.

आता मुद्द्याची गोष्ट.

माझ्या शेजारी एक बाई राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. इथे कुणी कुणाला आजी म्हणत नाही, पण मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. त्यांना फोनवर ती वेबसाइट नीट दिसत नाही म्हणून रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन बसते. त्यांच्या आईचे वडील ईशान्येकडच्या बॅम्फशायरमध्ये जन्मले, १८८४ मध्ये. घरातली गोष्ट अशी की त्यांचे वडील कोळी होते आणि बाळ जन्मायच्या आधीच समुद्रात बुडाले. नोंद उघडली. आईचं नाव, काम घरगडीण. वडिलांचा रकाना कोरा. आणि बाळाच्या नावाखाली एक शब्द, ‘अनौरस’. १९१९ पर्यंत हा शब्द इथल्या जन्मनोंदवहीत उघड लिहिला जात असे.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे बुडालाच नाही तो.”

लग्नाशिवाय जन्मलेल्या बाळाच्या नोंदीत वडिलांचं नाव घालायचं तर त्याने स्वतः आईबरोबर येऊन सही करायला हवी होती. नाही आला, तर रकाना कोरा. पण समासात एक छोटी खूण होती, आणि अशी खूण दिसली तर ती कधीही सोडू नये. ती दुसऱ्या एका वहीकडे बोट दाखवते, दुरुस्त नोंदींच्या वहीकडे. तिथे चार ओळी होत्या: बॅम्फच्या शेरीफ कोर्टात या बाईने अमुक एका शेतगड्यावर दावा लावला आणि कोर्टाने तोच बाळाचा बाप असल्याचा निकाल दिला. नावासकट, तारखेसकट.

जरा विचार करा. १८८० च्या दशकातली घरकाम करणारी मुलगी, कडेवर तान्हं मूल, आणि ती कोर्टात जाते. पोटगीसाठी जावंच लागायचं, नाहीतर मूल गावाच्या गरीब-निधीवर पडायचं. त्याच्याही आधीच्या काळात हे काम चर्च करायचं. गावातल्या चर्चची वडीलधाऱ्यांची पंचायत असे, कर्क सेशन, ती मुलीला समोर उभं करून बाप कोण ते विचारायची, आणि सगळं लिहून ठेवायची. ती वह्यांची पानं २०२१ पासून ऑनलाइन आहेत. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या चौकशीमुळेच कितीतरी बापांची नावं कागदावर राहिली, हेही खरं.

आणि बॅम्फशायर, ॲबर्डीनशायरचा तो पट्टा अशा जन्मांसाठी त्या काळात सगळ्या देशात गाजलेला होता. शहरातले पाद्री नीतीची व्याख्यानं झोडायचे. मला कारण सरळ दिसतं. तिथल्या शेतांवर गडी सहा-सहा महिन्यांच्या कराराने ठेवत, मे आणि नोव्हेंबरमध्ये बाजार भरवून. गडी बिनलग्नाचा हवा, कारण लग्न झालेल्याला घर द्यावं लागतं. तो झोपणार गोठ्याजवळच्या खोलीत, मुलगी स्वयंपाकघरात राबणार, आणि सहा महिन्यांनी दोघं वेगवेगळ्या शेतांवर. संसार थाटायला जागाच नाही, तर लग्न कुठून होणार?

आम्ही त्या गड्याला पुढच्या खानेसुमाऱ्यांत शोधलं. १८९१ मध्ये तो काही मैलांवरच्या शेतावर होता, बायको आणि तीन मुलं. आजींनी दोन वर्षांपूर्वी हौसेने डीएनए चाचणी केली होती. तिच्या यादीत कॅनडातल्या एका अनोळखी बाईचं नाव पहिल्यापासून दिसत होतं, नातं कळत नव्हतं. ते आता कळलं. ती त्या गड्याच्या लग्नाच्या बायकोकडची पणती.

इथून पुढे कागदांचं काम संपतं आणि अवघड भाग सुरू होतो. आजींना तिला लगेच सगळं पाठवायचं होतं, कोर्टाच्या पानासकट. त्यांचा धाकटा भाऊ फोनवर तापला. “आईने जन्मभर ती बुडाल्याची गोष्ट सांगितली. तिला खोटं पाडणारी आपण कोण?” मला भावाचं म्हणणं पटलं नाही. आईला कदाचित खरंच तेच सांगितलं गेलं असेल, आणि कोर्टात उभी राहिलेली ती मुलगी माझ्या मते लपवण्यासारखी अजिबात नाही. पण कुटुंब त्यांचं आहे, माझं नाही. मी तोंड बंद ठेवलं.

शेवटी आजींनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी त्या बाईला तीन ओळींचा मेसेज पाठवला. आपलं नातं कुठून लागतं ते मला कागदांतून कळलंय. त्यात तुमच्या पणजोबांबद्दल अशी एक गोष्ट आहे जी तुमच्या घरात कदाचित कुणाला माहीत नसेल. तुम्हाला ती जाणून घ्यायची आहे का? बस्स. नाव नाही, पान नाही, पुरावा नाही. पुढे सात आठवडे शांतता. मग उत्तर आलं, हो, सांगा, आणि त्याबरोबर त्या गड्याचा म्हातारपणचा फोटो. आजींनी फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, “कान बघ. हे माझ्या आजोबांचे कान.”

भावाशी तडजोड झाली. गेलेल्या माणसांची नावं, तारखा आणि कागद ऑनलाइन वंशवृक्षात जातील, कारण ते तसेही सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. बुडाल्याची गोष्ट, आईची पत्रं आणि जिवंत माणसांपैकी कुणाचंही काही जाणार नाही.

तुम्ही कुठलंही घराणं शोधत असाल तरी ही शेवटची अट मनावर घ्या. फॅमिलीसर्च, ॲन्सेस्ट्री, विकीट्री अशा वेबसाइट्सवर जिवंत माणसांचे तपशील इतरांना दिसू नयेत अशी सोय असते, पण ‘हा जिवंत आहे’ हे त्यांना तुमच्या भरलेल्या माहितीवरूनच कळतं. मृत्यूची तारीख उगीच भरलीत तर माणूस उघडा पडतो. आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, जन्मतारीख ही तर बँकांची सुरक्षेसाठी विचारायची आवडती माहिती! आणि डीएनएच्या बाबतीत तुम्ही एकटे ठरवतच नसता. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोर शिरले, दुसरीकडून चोरलेले पासवर्ड वापरून. पण नातेवाईक दाखवणाऱ्या सोयीतून त्यांच्या हाती जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती लागली. पासवर्ड एकाचा, आणि उघडे पडले त्याचे शेकडो चुलत-मावस.

उलट बाजूही आहे. काहीच सांगितलं नाही तर काहीच परत येत नाही. तो फोटो कॅनडातल्या एका घरात पडून होता, आजींनी विचारलं म्हणून बाहेर आला. फक्त सांगताना कागद जोडून सांगा. दुसऱ्याच्या वंशवृक्षातून बघून उतरवलेलं नाव पन्नास जणांकडे असलं म्हणून ते पन्नास पुरावे होत नाहीत. एकाचंच ते पन्नासदा उतरवलेलं असतं.

जाता जाता मुंबईकडे वळते, कारण दुवा खराच आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन लॉडर या स्कॉटिश गावचे, आणि १८४३ च्या त्या फुटीत तेही फ्री चर्चकडे गेले. त्यांच्याशिवाय सैनिक, डॉक्टर, इंजिनिअर, कारकून असे कितीतरी. मुंबई इलाख्यातल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेच्या सूचीत त्यातली बरीच नावं फुकट शोधता येतात. भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावांतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी कुणी हे वाचत असाल आणि आडनाव मॅक-ने सुरू होत असेल, तर तिथून सुरुवात करा.

पण तयारी ठेवा. बॅम्फशायरमध्ये बापाचा रकाना कोरा होता. इथल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत स्कॉटिश बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं असतं, आणि आई हिंदुस्थानी असली तर तिचं नावच नसतं. असलं तर नुसतं ‘देशी स्त्री’. तिच्यासाठी कोर्टाची वही नाही, समासातली खूण नाही. अशा वेळी बापाचं मृत्युपत्र शोधायचं. स्कॉटलंडमध्ये १५१३ पासूनची मृत्युपत्रं जपलेली आहेत, इकडे वारलेल्यांची ब्रिटिश लायब्ररीत. नोंदवहीत जे नाव पाद्र्याने लिहिलं नाही, ते पैसे कुणाला द्यायचे हे लिहिताना त्या माणसाला कधीकधी लिहावंच लागलं. स्पेलिंग वेडंवाकडं असेल, म्हणून मोठ्याने वाचून बघा.

चला, भेटूया पुढच्या भागात. पणजीचं माहेरचं नाव कळलं तर मला व्हॉइस नोट पाठवा.